आधी प्रॉपर्टी कार्डावरचं नाव बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारच्या अंकात विजापूर रोडकडच्या एका वाचकाचं पत्र होतं. त्यांचं म्हणणं असं, की हजार-बाराशे फुटांच्या घराला बांधकाम परवानगी नावाची भानगडच नको. माणसानं आपल्या जागेत आपलं घर बांधावं आणि मोकळं व्हावं. ते वाचून आमच्या गल्लीत चार जणांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. ती सगळी वाट मी नुकतीच चालून आलेय, आणि माझ्या चपला झिजल्या त्या परवानगीपायी नाहीत. कशापायी झिजल्या ते लिहिते. पत्र लांबणार आहे. जागा नसेल तर मधलं कापा, पण ओट्याचं तेवढं राहू द्या.

मी बाळीवेशीजवळ राहते. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा घरगुती धंदा आहे, सत्तावीस वर्षं झाली. पूर्वी आपलाच अंक भाकरी गुंडाळायला लागायचा. आता छापील कागदात खायचं काही बांधायला बंदी आली, त्यामुळे अंक नुसता वाचायला उरलाय. शिक्षण दहावीपर्यंत. तेव्हा कायद्याच्या भाषेत काही चुकलं तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

घर सासऱ्यांनी १९५८ साली घेतलेलं, पाच खणांचं, माळवदी. दगडमातीच्या दीड हात रुंद भिंती, सागवानी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा थर. बाहेर पारा त्रेचाळीसवर असला तरी आतल्या खोलीत उघड्या अंगाला गार लागायचं. पण माळवदाला माणूस लागतो. दर पावसाळ्याआधी वर चढून माती सारखी करायची, उगवलेलं गवत उपटायचं, पन्हाळी मोकळी करायची. आमचे मालक होते तोवर ते सगळं झालं. २०१५ ला ते गेले. मग २०२० च्या ऑक्टोबरात तो पाऊस झाला, सगळ्या सोलापूरकरांना आठवत असेल, आणि पहाटे मागच्या खणाचं माळवद बसलं. नशीब, तिथं माणूस नव्हतं, ज्वारीची पोती होती. वर पत्रे टाकून तीन उन्हाळे काढले. पत्र्याखाली चूल पेटवून भाकरी भाजायच्या म्हणजे वरून एक तवा आणि खालून एक.

मुलगा चाकणला कंपनीत आहे. तो म्हणाला, आई, आता पाडू आणि साधं दोन मजली बांधू, खाली तुझा धंदा, वर राहायला. बँकेत विचारलं तर कर्ज देतो म्हणाले, पण मंजूर नकाशा आणा. म्हणजे बघा, परवानगी नको म्हणणाऱ्यांना कर्जही नको असेल तरच त्यांचं म्हणणं चालतं. आमच्यासारख्यांकडे रोख सतरा लाख कुठले?

सुरुवात मी चुकीच्या माणसापासून केली. ओळखीतल्या एकानं एक जण गाठून दिला. 'अक्का, तुम्ही फक्त सह्या करायच्या, बाकी सगळं माझ्यावर. पस्तीस हजार.' पाच हजार उचल दिली. त्यानं माझ्याकडून आठ कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या आणि फोन उचलायचा बंद झाला. ते पाच हजार म्हणजे माझ्या गड्ड्याच्या यात्रेतल्या दोन दिवसांच्या भाकरी. गेले. कोऱ्या कागदांवर सही केली याची लाज मात्र अजून जात नाही.

मग स्वतः हिंडले. कोणती खिडकी ते लिहीत नाही. तिथला गृहस्थ आता निवृत्त झालाय आणि माणूस वाईट नव्हता. पण त्याची एक पद्धत होती. एका वेळी एकच कागद कमी सांगायचा. घरपट्टीचा उतारा आणला, तर नकाशा नाही. नकाशा आणला, तर थकबाकी नसल्याचा दाखला नाही. दाखला आणला, तर म्हणाला, 'बाई, मूळ मालक कुठायत?' मी म्हटलं, 'सासरे? ते १९९६ साली वारले.' तेव्हा त्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, 'मग हे पहिल्या दिवशी नाही का सांगायचं?' मला कुणी विचारलं होतं?

इथं खरी मेख होती. दर वर्षी न चुकता घरपट्टी भरलेली, सगळ्या पावत्या बिस्किटाच्या डब्यात तारखेनं लावलेल्या. पावतीवर नाव आमच्या मालकांचं. मी समजत होते, घर आमचं आहे याचा यापरता पुरावा कोणता? शेजारच्या गल्लीतली एक मुलगी आर्किटेक्ट झालीय, तिला डबा दाखवला. तिनं दोन पावत्या बघितल्या आणि झाकण लावून डबा परत दिला. 'काकू, ही कर भरल्याची पावती आहे. कर भरला, तेवढ्यानं कुणी मालक होत नाही. प्रॉपर्टी कार्ड काढा, जागेचा मालक कोण ते त्यावर असतं.'

कार्ड काढलं. मालक म्हणून सासऱ्यांचं नाव, त्यापुढे सगळं कोरं. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. म्हणजे आमचे मालक एकोणीस वर्षं घरपट्टी भरत राहिले, माळवदावर चढत राहिले, पण कार्डावर मालक कधी झालेच नाहीत. आणि ते नव्हते तर मी कोण? भाडेकरूसुद्धा नाही.

पुढचे अकरा महिने या एका ओळीत गेले. सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, मालकांचा मृत्यूचा दाखला, वंशावळ, प्रतिज्ञापत्र, वारस नोंदीचा अर्ज. मग सगळ्यांना नोटिसा, हरकतीची मुदत, आणि त्यानंतर फेरफार, म्हणजे कार्डावर नावं बदलल्याची नोंद. नोटिसा कुणाकुणाला? दीर पुण्याला. थोरल्या वन्सं वारल्या, त्यांची तीन मुलं, एक हैदराबाद, एक बेंगळुरू, एक इथंच जुळे सोलापुरात. धाकट्या वन्सं गुलबर्ग्याला. मी आणि मुलगा धरून सात नावं. बेंगळुरूचा भाचा फक्त रविवारी फोन उचलायचा. जुळे सोलापूरचा तर गावातच, आणि सगळ्यात उशिरा सही त्याचीच आली.

नकाशा टाकायला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती पुरली असती, असं आर्किटेक्ट म्हणाली. पण बँकेला सात नावांच्या जागेवर दोघांना कर्ज द्यायचं नव्हतं. म्हणून हक्कसोड पत्र, तेही नोंदणी केलेलं. दिरांना गावाकडची शेती आधीच दिलेली होती, त्यांनी फोनवरच हो म्हटलं. धाकट्या वन्संनी म्हटलं नाही. तीन आठवडे काहीच बोलल्या नाहीत. शेवटी मी शेंगाचटणीचा डबा घेऊन गुलबर्ग्याला गेले. जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, 'वहिनी, पैसा नको मला. पण माझ्या बापाच्या घराचा कागद आहे तो. त्यावर माझं नाव लागायच्या आधीच मी ते पुसू?' मला उत्तर सुचलं नाही. खरं तर त्यांचं बरोबर होतं. कायद्यानं हिस्सा त्यांचा होताच, मागितला असता तर द्यावा लागला असता. म्हणून ठरलं असं, की आधी कार्डावर सातही नावं लागू द्यायची. त्याचा उतारा काढून मी त्यांना पाठवला. त्यांनी तो देवघरात ठेवला आणि मग सही करायला सोलापूरला आल्या. जाताना आईचं दगडी उखळ घेऊन गेल्या. दोघा माणसांनी उचलून गाडीत ठेवलं. त्या उखळात माझी चटणी कुटली जायची, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

हे घरातलं सगळं पेपरात कशाला, असं आपण म्हणाल. अहो, बांधकाम परवानगीचं पत्र आहे म्हणूनच. आमच्या पेठेत दहातल्या किती घरांच्या कार्डावर मेलेल्या माणसाचं नाव आहे, हे एकदा ज्यानं त्यानं आपापल्या घरात विचारावं. आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव. राहायला अडत नाही, कर भरायला अडत नाही, लग्नं होतात, बारशी होतात. अडतं ते घर पाडायच्या दिवशी. तोपर्यंत चार वारसांचे अकरा झालेले असतात, आणि परवानगी देणाऱ्याच्या नावानं आपण बोटं मोडतो.

आता ओट्याचं.

नावं मिटल्यावर आर्किटेक्ट म्हणाली, मोजणी करून घेऊ. मी म्हटलं, कशाला? चारी बाजूंनी भिंती आहेत, घर काय चालत गेलंय का कुठं? ती हसली, पण अर्ज भरायला लावला. ठरल्या तारखेला भूकरमापक आला. मशीन तिकाटण्यावर उभं केलं, एक माणूस काठी घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात उभा राहिला. माझ्याकडे सासऱ्यांचं १९५८ चं खरेदीखत होतं. त्यात माप हातात दिलेलं, पूर्व-पश्चिम बावीस हात, दक्षिणोत्तर एकोणीस हात, आणि चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस सांडपाण्याचा सामाईक बोळ. हात दीड फुटाचा धरून मुलानं मोबाइलवर गुणाकार केला, ९४० चौरस फूट आले. कार्डावर ८७.४ चौरस मीटर, म्हणजे तेवढेच. म्हातारबांचं माप चोख होतं.

मग मोजणीवाल्यानं रस्त्याच्या बाजूला चुन्यानं हद्दीची रेघ मारली. रेघ उंबऱ्याला लागून गेली. ओटा रेघेच्या बाहेर. पुरा. चार फूट रुंद, बारा फूट लांब.

त्या ओट्यावर बसून मी सत्तावीस वर्षं भाकरी विकली. सकाळी सात वाजता पाटी मांडायची, दुपारी सावली सरकली की उठायचं. शहाबादी फरशी घासून घासून मध्ये खोलगट झालीय, माझ्याच बसण्यानं. तो ओटा कुणी घातला कुणाला ठाऊक नाही, सासऱ्यांच्याही आधीचा असेल. पण खरेदीखतात नाही, कार्डावर नाही, मशीनमध्ये नाही. समोरचे आप्पा खुर्ची टाकून मोजणी बघत बसले होते. ते मोठ्यानं म्हणाले, 'म्हणजे अक्का, इतकी वर्षं तुम्ही रस्त्यावरच बसत होता की!' सगळी गल्ली हसली. मीपण हसले, काय करणार? आत जाऊन पाणी प्यायले.

तर विजापूर रोडच्या वाचकांना माझं एवढंच विचारणं आहे. परवानगी नसती, तर मी काय केलं असतं? ओटा धरूनच खड्डे घेतले असते. त्यावर सिमेंटचे खांब उभे केले असते, खांबांवर वरची खोली. माझ्या मनात खोट नव्हती, मला माहीतच नव्हतं. आणि मी रस्त्यावर घर बांधलं असतं. आमची गल्ली मुळात अशी, की गॅसची गाडी शिरली की रिक्षा मागं घ्यावी लागते. उद्या आगीचा बंब यायचा झाला तर माझ्या खांबाशी थांबला असता. आप्पांचं घर जळालं असतं आणि माझे खांब शाबूत राहिले असते.

परवानगीचं म्हणाल तर तो भाग सगळ्यात सोपा निघाला, आणि हे मला रागानं सांगावंसं वाटतं, कारण कुणी आधी सांगितलंच नाही. मुंबई आणि काही मोजका भाग सोडला तर सगळ्या राज्याला बांधकामाची एकच नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला, म्हणजे साधारण सोळाशे चौरस फुटांपर्यंत, कमी जोखमीचं काम धरलंय. परवानाधारक आर्किटेक्टनं किंवा इंजिनिअरनं नकाशा नियमात आहे म्हणून लिहून द्यायचं, कागद जोडायचे, शुल्क भरायचं. भरल्याची पावती हीच परवानगी. त्यापुढे ३०० चौरस मीटरपर्यंत असेल तर दहा दिवसांत परवानगी. म्हणजे त्या वाचकांना जे हवंय ते बरंचसं कायद्यात आधीच आलंय.

मला ते खरं वाटलं नाही, ही गोष्ट वेगळी. पैसे भरल्याची पावती आर्किटेक्टनं हातात दिली, मी ती जोंधळ्याच्या डब्यावर ठेवली आणि चार दिवसांनी तिला फोन केला, 'परवानगी कधी येणार गं?' ती म्हणाली, 'काकू, तुमच्याकडेच आहे की.' मग पीठ झाडून पावती उचलली, तिला प्लास्टिक घातलं, आणि वर हळदीकुंकू वाहिलं. ज्या पावतीला मी मालकी समजत होते ती नुसती करपट्टी निघाली, आणि जिला नुसती पावती समजत होते ती परवानगी.

शुल्कात छाननीचे पैसे, विकास शुल्क, अनामत असं असतं. एक टक्का बांधकाम कामगारांच्या कल्याणाचा उपकरही असतो. आमच्या वेळी तो स्वतःला राहायच्या घराचा खर्च दहा लाखांच्या आत असेल तर लागत नव्हता. आमचा सतराला गेला, लागला. त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या स्लॅबवर डोक्यावरून पाट्या वाहणाऱ्या बायकांची नोंदणी झालीय का, असं मात्र मी ठेकेदाराला विचारलं. तो दुसऱ्या विषयावर गेला.

एक प्रश्न मधेच आला होता. नकाशात खालची खोली मोठी बघून आर्किटेक्ट म्हणाली, 'काकू, इथं धंदा म्हणून काय दाखवायचं?' घरच्या माणसांनी घरात चालवलेलं काम रहिवासी घरात चालतं. पगारी माणसं ठेवून कारखाना काढला की गोष्ट वेगळी. माझ्याकडे संक्रांतीच्या गड्ड्यापुरत्या दोघी येतात, एरवी मी एकटीच. तिनं ते तसंच लिहून घेतलं, लपवाछपवी केली नाही. धूर जायला धुराडं कुठून काढायचं यावरच आमची दोन दिवस वादावादी झाली. सामाईक बोळात खिडकी काढायची नाही म्हणून तिनं ठणकावलं, मग धुराडं सरळ वर नेलं.

काम सुरू झाल्यावर गवंड्यानं परीक्षा घेतली. माणूस हाताचा गुणी, पूर्व भागातली निम्मी घरं त्यानं बांधलेली. पहिल्या स्लॅबची फळ्यांची मांडणी चालू होती. तो वरून म्हणाला, 'अक्का, इथनं तीन फूट बाहेर काढू की. खाली रस्ता, वर आपली गॅलरी. समोरच्यानं काढलीय, पलीकडच्यानं काढलीय.' मी वर बघत राहिले. 'काय विचार करूलालाव? कोण बघायलंय?' खरं सांगते, मोह झाला. ओटा गेला त्याच्या बदल्यात वर तेवढंच मिळालं असतं. संध्याकाळी बसायला जागा, वाळवण घालायला ऊन. मी म्हटलं, उद्या सांगते. रात्री आर्किटेक्टला फोन लावला. ती म्हणाली, 'काढा. मग भोगवटा प्रमाणपत्राला, म्हणजे राहायला जायच्या दाखल्याला, मी सही करणार नाही. नकाशाबाहेरचं काम म्हणून नोटीस आली तर पाडायचा खर्चही तुमचा, आणि तेवढ्या भागाला करावर शास्ती, म्हणजे दंड, भरावा लागेल.' सकाळी गवंड्याला नाही म्हणून सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. चहाही खाली ठेवून गेला.

पाण्याचं तर विचारूच नका. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. स्लॅबला रोज दोनदा पाणी मारायचं म्हटलं की हंड्यांवर भागत नाही, टँकर घ्यावा लागतो. मे महिन्याच्या उन्हात मारलेलं पाणी दहा मिनिटांत उडून जायचं. मग ज्वारीची रिकामी पोती काढली, भिजवून सगळ्या स्लॅबवर अंथरली. पोती ओली राहिली, खाली स्लॅब ओला राहिला. मंगळवेढ्याच्या मालदांडीचा वास महिनाभर छतावर होता. चिमण्या येऊन पोत्याच्या शिवणीतले दाणे टिपायच्या.

आता त्या वाचकांच्या पत्राकडे परत येते. त्यांनी लिहिलंय, की तीन वेळा अर्ज परत आला. त्यांची जागा हद्दवाढ भागातली, गुंठ्यावर घेतलेली, असं पत्रातल्या एका ओळीवरून वाटलं. तसं असेल तर त्यांची अडचण माझ्याहून निराळी आणि जास्त अवघड आहे, आणि त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. शेत विकत घेऊन त्याचे तुकडे पाडून विकले, मंजूर लेआउट नाही, रस्ता किती फुटी याचा पत्ता नाही. अशा जागेवर नकाशा कशाच्या आधारावर मंजूर करायचा? त्यासाठीच गुंठेवारीचा कायदा २००१ साली आला. आधी तो १ जानेवारी २००१ पर्यंतच्या तुकड्यांना होता, २०२१ साली दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्यांना झाला. म्हणजे आधी तुकडा नियमित करून घ्यायचा, मग घराचा नकाशा. त्यांना कुणीतरी उलट्या टोकानं चालायला लावलंय. तसंच मलाही लावलं होतं. घराचा नकाशा हातात घेऊन दारोदार, आणि खाली जमिनीचाच पत्ता नाही.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त वकील मला सांगायचे, '१९६६ चा नगररचना कायदा आहे, साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरा आणि बांधा.' कलम आहे, खरं आहे. पण अर्ज पुरा हवा आणि नकाशा नियमात बसायला हवा, हे ते सांगायचे नाहीत. अर्धवट कागदांवर साठ दिवस मोजून काही उपयोग नाही. दुसरी गोष्ट मुदतीची. मिळालेली परवानगी एक वर्षाची असते, पुढे नूतनीकरण करत फार तर चार वर्षं. वर्षाच्या आत काम जोत्यापर्यंत आणलंत तर नूतनीकरणाची कटकट राहत नाही. आमच्या ओळखीत एकांनी परवानगी काढली, मुहूर्त बघत बसले, आणि वर्ष उलटलं.

माझी मागणी छोटी आहे. घरपट्टीचं बिल दर वर्षी प्रत्येक घरात जातं. त्याची मागची बाजू कोरी असते किंवा बारीक अक्षरांत काहीतरी असतं जे कुणी वाचत नाही. तिथं मोठ्या अक्षरांत चार ओळी छापाव्यात. हे बिल म्हणजे मालकी नव्हे. कार्डावरची व्यक्ती हयात आहे का ते बघा. नसेल तर वारस नोंद करून घ्या, घर पाडायची वाट बघू नका. आणि परवानगीला लागणारे सगळे कागद एका फलकावर, एकदम, मराठीत. जमलं तर तेलुगू आणि कन्नडमध्येही, कारण हे सोलापूर आहे. पूर्व भागातल्या माझ्या गिऱ्हाइकांना मराठी बोलता येतं, पण 'सामासिक अंतर' कुणाला कळतं? मलाही आर्किटेक्टनं भाकरी आणि तव्याची कड दाखवून समजावलं. तवा म्हणजे प्लॉट, भाकरी म्हणजे घर, कडेला जी जागा उरते ती. मग कळलं.

आपल्यालाही विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत कधीतरी एखाद्या आर्किटेक्टकडून हे सगळं साध्या भाषेत लिहून घ्या. फ्लॅटच्या सजावटीवर पानभर असतं, या गोष्टीवर अर्धं पान चालेल. सात नावांचं काय करायचं, मोजणीचा अर्ज कसा करायचा, मोजणीच्या नकाशाची क प्रत म्हणजे काय. ती क प्रत मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, अ आणि ब कुठंतरी हरवल्यात.

घर आता उभं आहे. जुन्या तुळयांतली एक चांगली निघाली, तिची पुढच्या दाराची चौकट केली. ओटा मी स्वतःच्या हातानं काढायला लावला, फरशी मात्र ठेवून घेतली, न्हाणीघरात बसवली. आता खालच्या खोलीच्या खिडकीतून भाकरी देते, आत बसून. जुनी गिऱ्हाइकं अजून सवयीनं पाय वर ठेवायला जातात आणि अडखळतात. परवा एक आजी विचारत होत्या, ओटा कुठं गेला म्हणून. मी म्हटलं, 'रस्त्याचा होता, आजी.' त्या म्हणाल्या, 'मग मी टेकू कुठं?' त्यांच्यासाठी एक स्टूल आणलंय, दाराच्या आत ठेवते.

भोगवट्याचा अर्ज गेल्या गुरुवारी दिलाय. जिन्याचा कठडा तेवढा राहिला होता, तो परवा बसला.

आपली,
बाळीवेशीतली एक कडक भाकरीवाली, सोलापूर
(नाव छापू नये ही विनंती. वन्संना आवडणार नाही.)